शाखा बदलणं आणि खातं बंद करणं: डिरेक्टरीतली नोंद हलवताना

घर पंचवटीतून सिडकोत हललं की बँकेचं खातं दोन तऱ्हांनी नेता येतं. अर्ज देऊन शाखा बदलून घ्यायची, नाहीतर जुनं खातं बंद करून नव्या शाखेत दुसरं उघडायचं. आठवड्याभराने पाहिलं तर दोन्हीकडे चित्र सारखंच: सिडकोच्या शाखेत तुमच्या नावाचं खातं. पण पहिल्या तऱ्हेत खाते क्रमांक तोच राहतो, मागचे व्यवहार राहतात, बदलतो तो आयएफएससी कोड. दुसऱ्या तऱ्हेत केवायसीपासून पुन्हा सुरुवात.

एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीतल्या माणसांच्या नोंदी झाडासारख्या रचून ठेवणाऱ्या सर्व्हरवरच्या यादीत, हाच घोळ होतो. नोंद एका ओयूतून (त्या झाडातल्या कप्प्यातून) दुसऱ्यात हलवणं आणि इथून काढून तिथे नव्याने घालणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हलवली तर तिचा डीएन (झाडातला पूर्ण पत्ता) बदलतो, पण एन्ट्रीयूयूआयडी (सर्व्हरने दिलेला ओळख क्रमांक) तोच राहतो. पासवर्डचा हॅश, तयार झाल्याची तारीख, सगळं सोबत जातं. काढून घातली तर नाव तेच असलं तरी सर्व्हरच्या लेखी ती दुसरीच नोंद.

एलडॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत फक्त नाव बदलता यायचं. 1997 मध्ये तिसरी आवृत्ती आली, तेव्हा त्याच क्रियेला 'नवा पालक कोणता', म्हणजे नोंद आता कुठल्या ओयूखाली राहील, हे सांगायची सोय मिळाली. म्हणून नामांतर आणि स्थलांतर आजही एकाच हुकमात चालतात.

खरी गोम परवानग्यांची आहे, आणि ती मी सातपूरच्या एका कारखान्याचं काम करताना शिकलो. आमच्याकडे तीन ओयू होते: प्रतीक्षा, चालू, माजी. भरती झालेल्याची नोंद आधी प्रतीक्षेत, कागदपत्रं तपासली की चालूत. एचआरला हलवता यावं म्हणून मी त्यांना 'चालू'मध्ये ॲडचा, म्हणजे नोंद घालायचा, हक्क देऊन टाकला. महिन्याभराने चालूत एक नोंद दिसली, कर्मचारी क्रमांकाची जागा कोरी. विचारलं तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "घाई होती सर, सरळ चालूमध्येच टाकली. घेतलं की त्याने!" घेणारच. नियमच तसा मी लिहिला होता. शाखा बदलायचा अधिकार देताना नवं खातं उघडायचाही दिला होता.

३८९ डिरेक्टरी सर्व्हर नावाच्या एलडॅप सर्व्हरमध्ये यावर उपाय आहे: मॉडडीएन नावाचा स्वतंत्र हक्क. एसीआयमध्ये (परवानगीच्या नियमात) टार्गेट_फ्रॉम आणि टार्गेट_टू लिहायचं, म्हणजे कुठून कुठे, ती वाटच परवानगीत येते. प्रतीक्षेतून चालूत नेता येईल, पण चालूत नवी नोंद घालता येणार नाही, आणि चालूतली उचलून प्रतीक्षेत परत टाकताही येणार नाही. उलट्या वाटेसाठी दुसरा नियम लागतो. नाव बदलायचं असेल तर त्या नावाच्या ॲट्रिब्यूटवर (नोंदीतल्या रकान्यावर) राइटही, म्हणजे बदलायचा हक्कही, लागतो.

ओपनएलडॅप या दुसऱ्या एलडॅप सर्व्हरमध्ये अशी 'वाट' लिहिता येत नाही. तिथे तपासणी टोकांवर होते: जुन्या पालकाच्या चिल्ड्रेनवर (त्याच्याखालच्या नोंदींवर) डिलीट, नव्या पालकाच्या चिल्ड्रेनवर ॲड, आणि हलणाऱ्या नोंदीच्या एन्ट्रीवर (म्हणजे खुद्द त्या नोंदीवर) आणि नावाच्या ॲट्रिब्यूटवर राइट. पण एक फट कामाची आहे. नवी नोंद घालायला पालकाच्या चिल्ड्रेनसोबत त्या नव्या नोंदीच्या एन्ट्रीवरही ॲड लागतो. हलवताना तो लागत नाही. म्हणून चालूच्या चिल्ड्रेनवर ॲड द्यायचा आणि चालूखालच्या नोंदींच्या एन्ट्रीवर काहीच द्यायचा नाही. हलवणं चालतं, थेट घालणं अडतं. मूळ टोकाला मात्र ही चलाखी चालत नाही: राइटमध्ये डिलीट येतोच, म्हणजे जो हलवू शकतो तो प्रतीक्षेतून नोंद उडवूही शकतो. प्रतीक्षेतली नोंद उडाली तर मला फार वाईट वाटत नाही, म्हणून मी ते चालवून घेतो. माजीतून परत आणण्याचा नियम लिहिताना चालवून घेणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही हलवण्याचा वेगळा हक्क नाही. नव्या ओयूत क्रिएट, जुन्यात डिलीट, वर नावाच्या गुणधर्मांवर राइट. तिथे आमच्यासारखी चूक करणं अगदी सोपं.

एवढं करूनही प्रतीक्षेत नोंद बनवणारा आणि तिथून हलवणारा एकच माणूस असेल, तर सगळी मेहनत पाण्यात. जे बनवायचं ते प्रतीक्षेत बनवून तो लगेच पुढे ढकलेल. बँकेत मेकर (नोंद करणारा) आणि चेकर (ती तपासून मंजूर करणारा) वेगळे ठेवतात ते उगाच नाही.

आयएफएससी बदलल्यावर जुना कोड लिहिलेले कागद जागोजागी पडून असतात, तसंच डीएनचं. ग्रुपच्या मेंबर या रकान्यात जुना डीएन तसाच राहतो. तो सुधारायला ३८९ मध्ये रेफरेन्शियल इंटिग्रिटी प्लगइन आणि ओपनएलडॅपमध्ये रेफइंट ओव्हरले लावावा लागतो. आणि हललेल्या नोंदीवर आता नव्या ओयूचे नियम चालतात, जुन्याचे सुटतात. चालूतला माणूस माजीत गेला की स्वतःचा फोन नंबर बदलायचा हक्क गमावू शकतो.

नियम लिहून झाला की मी ॲडमिन खात्याने तपासत नाही, त्याला सगळंच चालतं. एचआरच्याच खात्याने लॉगिन करून तीन हुकूम देतो: प्रतीक्षेतून चालूत, चालूत थेट नवी नोंद, चालूतून प्रतीक्षेत. पहिला लागला पाहिजे. उरलेल्या दोन्हींना 'इन्सफिशियंट ॲक्सेस' आलं, की मगच मॅडमना फोन करतो.