लिंकनच्या दोन रेल्वे केसेस: टॅक्सची कुठली, पुलाची कुठली

अब्राहम लिंकन प्रेसिडेंट व्हायच्या आधी इलिनॉयमध्ये रेल्वेचा वकील होता हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यापुढे "पुलाची केस जिंकली आणि ५००० डॉलर फी घेतली" असं एक वाक्य फिरतं, आणि त्यात दोन केसेसची सरमिसळ झालीय. पैसे एका केसचे, पूल दुसरीतला, आणि पुलाची केस तो जिंकलेलाच नाही. गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा, कारण फीचा दावा आणि पुलाचा खटला दोन्ही १८५७ मधलेच, शिवाय मॅक्लीन हे नावही दोन्हीकडे, एकीकडे काउंटीचं आणि दुसरीकडे जजचं.

टॅक्सची केस तशी कागदावरची. इलिनॉय सेंट्रल कंपनीला राज्याने १८५१ मध्ये चार्टर दिला, त्यात कंपनीने उत्पन्नाचा ठरावीक टक्का राज्याला द्यायचा आणि स्थानिक टॅक्स माफ असं ठरलेलं. मॅक्लीन काउंटीने तरी टॅक्स लावलाच, आणि एका काउंटीला दिला की वाटेतल्या सगळ्याच मागणार हे उघड होतं, म्हणून कंपनीला ही केस हरून चालणारच नव्हतं. लिंकनने ती राज्याच्या सुप्रीम कोर्टात १८५६ मध्ये जिंकून दिली. मग फीवरून वाजलं. कंपनी पैसे देईना तेव्हा त्याने आपल्याच अशिलावर ५००० चा दावा ठोकला आणि आधी मिळालेले २०० वजा करून ४८०० डॉलर वसूल केले, त्यातले अर्धे पार्टनर हर्नडनचे. पुढेही तो त्याच कंपनीचं काम करत राहिला.

पुलाची केस मात्र मला फार मोठी वाटते. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल रॉक आयलंडला एप्रिल १८५६ मध्ये सुरू झाला आणि ६ मेला इफी आफ्टन नावाची स्टीमबोट त्यावर आदळून जळाली, पुलाचा एक गाळाही जळाला. बोटीचा मालक जेकब हर्ड याने पूल कंपनीवर केस केली. बोटवाल्यांचं म्हणणं, पूल म्हणजे नदीतला अडथळा. शिकागोच्या फेडरल कोर्टात जज जॉन मॅक्लीनपुढे सप्टेंबर १८५७ मध्ये लिंकन पुलाच्या बाजूने उभा राहिला, आणि इथे त्याची खरी तयारी दिसते, कारण तो नुसता कायदा सांगत बसला नाही, प्रवाहाचा वेग किती, बोटीचं उजवं चाक चालू होतं की बंद, ती पूल ओलांडून गेल्यावर मागे कशी आली हे सगळं त्याने ज्युरीपुढे मांडलं. सप्टेंबर १८५६ ते ऑगस्ट १८५७ या ११ महिन्यांत पुलावरून १२,५८६ मालडबे आणि ७४,१७९ प्रवासी गेले, आणि हिवाळ्यात नदी जवळजवळ ४ महिने बंद होती, हेही त्याने सांगितलं. मुद्दा सरळ होता, नदीतून वर-खाली जायचा हक्क जितका, तितकाच ती ओलांडायचाही.

ज्युरीचं एकमत झालंच नाही, ९ जण पुलाच्या बाजूने आणि ३ विरुद्ध, त्यामुळे निकाल काहीच लागला नाही. पूल पाडा म्हणणारे थांबले नाहीत, दुसऱ्या केसमधून हा वाद वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि तिथे पूल वाचला, तेव्हा लिंकन व्हाइट हाउसमध्ये होता.