मजकुराची साफसफाई सबरूटीनमध्ये: थोडी पार्श्वभूमी

ओळ वाचायची, शेवटचं न्यूलाइन (ओळ संपल्याचं अदृश्य चिन्ह) काढायचं, दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटायच्या, मग खरं काम. मजकूर हाताळणाऱ्या कोडमध्ये सर्वांत जास्त कॉपी-पेस्ट होतो तो हाच भाग.

वास्तविक, कोडचा तुकडा एकदा लिहून हवं तिथे बोलावायची सोय, म्हणजेच सबरूटीन, फार जुनी. केंब्रिजचा एडसॅक संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्यात 'परत जा' अशी आज्ञाच नव्हती. डेव्हिड व्हीलर यांनी तोड काढली: उडी मारण्याआधी आपला पत्ता ॲक्युम्युलेटरमध्ये (संगणकाच्या हिशेबाच्या कप्प्यात) ठेवायचा, सबरूटीन त्यावरून परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्या शेवटी बसवी. तयार सबरूटीन कागदी फितींवर असत. लागेल ते आपल्या प्रोग्रामच्या फितीवर उतरवून घ्यायचं.

मजकुराच्या हत्यारांपर्यंत हे पोचायला वेळ लागला. सेड या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये फंक्शन (सबरूटीनचाच प्रकार) नाहीतच. ऑक ही मजकूर हाताळायची भाषा १९७७ ची, पण स्वतःची फंक्शन लिहिता येऊ लागली ती १९८५ च्या आवृत्तीत.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत (१९८७) सबरूटीन होते, तरी टोकं छाटायला लोक दोन रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचे साचे) चिकटवून मोकळे होत. त्यातच पर्लची 'चॉप' ही आज्ञा शेवटचं अक्षर काहीही असो, कापून टाकी. फाइलच्या शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसलं की ४५० चे ४५! पुढे आलेलं 'चॉम्प' फक्त न्यूलाइनच काढतं. दोन्ही टोकं छाटणारं 'ट्रिम' मात्र भाषेतच मिळायला २०२२ ची ५.३६ आवृत्ती यावी लागली, आणि तेही प्रायोगिक म्हणून. इतका उशीर का, हे कोडंच आहे.

मराठी मजकुरात ही सफाई आणखी नाजूक. वेबवरून घेतलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हं असतात, ती सरसकट उडवायचा मोह होतो. पण 'दर्‍या'मधला र बऱ्याचदा अशाच एका अदृश्य जोडचिन्हावर, झेडडब्ल्यूजेवर (झिरो-विड्थ जॉइनर), उभा असतो. ते गेलं की डोंगरातल्या दर्‍यांचा थेट 'दर्या' होतो, आणि स्पेलचेकर चकार शब्द काढत नाही. उपाय सोपा आहे: आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या त्रिकुटाच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घालायचा, मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. क्रम उलटला तर काही उपयोग नाही. सफाई एका सबरूटीनमध्ये असेल तर हा क्रम एकाच जागी सांभाळावा लागतो. दहा फाइलींत विखुरलेली असेल तर एखादी हमखास सुटते.