व्हीलचेअरवरचं टेबल टेनिस: रुग्णालयातून सुरू झालेला खेळ

टेबल टेनिस नाशिकला नवीन नाही. जिमखान्याच्या हॉलमध्ये शाळेतून थेट सरावाला येणारी मुलं शहराने कित्येक वर्षं पाहिली आहेत. व्हीलचेअरवर बसून खेळलं जाणारं टेबल टेनिस मात्र आपल्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा मन लावून पाहिलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये, भाविना पटेल टोकियो पॅरालिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचली तेव्हा. तिच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहून आलं आणि ते योग्यच होतं. पण ती या खेळात कोणत्या दारातून आली, याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

ते दार रुग्णालयाचं आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. नाझी राजवटीतून निसटून आलेले हे ज्यू डॉक्टर. त्या काळी असे रुग्ण अंथरुणाला खिळायचे आणि बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावायचे. गुटमन यांनी खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी रुग्णालयाच्या आवारात १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. तिथून १९६० च्या रोमच्या पहिल्या पॅरालिम्पिकपर्यंत गोष्ट गेली. टेबल टेनिस रोमपासूनच पॅरालिम्पिकमध्ये आहे. १९७६ पर्यंत तर ते फक्त व्हीलचेअरवरूनच खेळलं जात होतं, उभ्याने खेळणाऱ्यांचे गट नंतर आले.

भारतातही सुरुवात लष्करी रुग्णालयातूनच झाली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं, हे आता सर्वांना माहीत आहे. त्याआधी, १९६८ मध्ये, तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले होते, हे मात्र क्वचितच कुणाच्या लक्षात असतं. आपल्या मराठी माणसाचा या खेळाशी इतका जुना संबंध आहे, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं.

भाविनाचा जन्म १९८६ चा, मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावचा. वर्षाची असताना पोलिओ झाला. अहमदाबादच्या अंधजन मंडळात ती कॉम्प्युटर शिकायला आली आणि तिथेच टेबल टेनिसशी गाठ पडली. म्हणजे इथेही दार उघडलं ते क्लबने नव्हे, पुनर्वसनाच्या संस्थेने. टोकियोत पहिलाच सामना ती चीनच्या झोऊ यिंगकडून हरली. मग उपांत्यपूर्व फेरीत रिओची सुवर्णविजेती बोरिस्लाव्हा पेरिच-रांकोविच आणि उपांत्य फेरीत झांग मियाओ यांना हरवून २९ ऑगस्टला ती पुन्हा झोऊ यिंगसमोर बसली. तिथे हार झाली, पण पॅरालिम्पिकमधलं भारताचं टेबल टेनिसचं पहिलं पदक रौप्य होऊन आलं. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं आणि त्याच प्रकारात सोनल पटेलने कांस्य.

हा खेळ बघताना डोळा थोडा सरावावा लागतो. बसून खेळणाऱ्यांचे पाच गट असतात. पहिल्या गटात खेळणाऱ्या हातातही जोर फार कमी आणि धड सावरता न येणारं, तर पाचव्यात धड जवळपास पूर्ण ताब्यात. भाविना चौथ्या गटातली. पहिल्या दोन गटांतल्या खेळाडूंची पकड कमजोर असते, म्हणून त्यांना बॅट हाताला बांधता येते. सर्व्हिसचा चेंडू समोरच्या बाजूला टप्पा घेऊन बाजूच्या कडेने बाहेर गेला किंवा जाळीकडे परत वळला, तर तो ‘लेट’, म्हणजे सर्व्हिस पुन्हा करायची. रॅलीत मात्र हे सगळं चालतं! म्हणूनच अव्वल खेळाडू जाळीजवळ आखूड चेंडू टाकतात, नाहीतर तिरका कोन काढतात, जिथे खुर्ची वेळेत पोहोचत नाही. फटका मारताना मांड्या खुर्चीच्या उशीवरून उचलता येत नाहीत. सगळी कमाई मनगट, खांदा आणि आधी ओळखण्याची.

आता नाशिकचं. सुरगाण्याच्या दिलीप गावितने हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटरचं सुवर्ण आणलं, तेव्हा पॅरा खेळाडू जिल्ह्यात घडू शकतो हे दिसलं. धावायला मैदान पुरतं. टेबल टेनिसला छप्पर असलेला हॉल लागतो आणि पायऱ्या हॉलच्या दारातच सुरू होतात. टेबलाचे पायही आडवे येतात: व्हीलचेअरच्या सामन्यासाठी ते मागच्या कडेपासून किमान ४० सेंटिमीटर आत हवेत, नाहीतर गुडघे अडतात. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आपल्याकडचे अनेक व्हीलचेअर खेळाडू पोलिओच्या पिढीतले. पुढचे बहुधा रस्त्यावरच्या अपघातात किंवा उंचावरून पडून मणक्याला इजा झालेले तरुण असतील. त्यांतले काही जण अपघाताआधी इथल्याच हॉलमध्ये खेळलेले असतील. दारात उतार, पाय आत असलेलं एखादं टेबल, व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह आणि समोर रोज खेळायला तयार असलेला जोडीदार, एवढं आत्ता असलेल्या हॉलमध्येच करता येण्यासारखं आहे. उभ्याने खेळणाऱ्या मुलांनाही त्या जोडीदाराची भूमिका जमते. चेंडू आखूड आणि तिरका द्यायला तेवढं शिकावं लागतं.