सीतेची आसवं : पोटखराब जमिनीतलं फूल

ऑगस्ट सरता सरता कासच्या पठारावर उभ्याने नजर टाकली तर नुसता निळाजांभळा रंग दिसतो. फूल पाहायचं असेल तर पायवाटेच्या कडेला गुडघे टेकावे लागतात. मग गवताच्या काडीला टेकून उभा राहिलेला, सुतासारखा बारीक देठ दिसतो. त्याच्यावर करंगळीच्या नखाएवढं फूल, खालची पाकळी पदरासारखी पसरलेली, मधोमध पांढरट डाग आणि मागे छोटीशी शेपटी. गुडघ्याखालचा चिखल तोवर पँटमधून आत झिरपलेला असतो. त्या चिखलाखेरीज या फुलाची गोष्ट सांगताच येत नाही.

वनवासातल्या सीतेच्या डोळ्यांतून जिथे पाणी सांडलं तिथे ही फुलं उगवली, अशी समजूत. सह्याद्रीत सीतेची न्हाणी जागोजागी दाखवतात, तशीच ही तिची आसवं. नाव ठेवणाऱ्याने जागा नेमकी हेरली होती, कारण जिथे पाणी पाझरतं तिथेच हे झाड येतं आणि पाझर आटला की संपतं.

शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्स. लॅटिनमध्ये युट्रिक्युलस म्हणजे कातड्याची लहान पिशवी, आपल्याकडची बुधलीच म्हणा ना. या वंशाचं नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३च्या ग्रंथापासून चालत आलं आहे. त्यातल्या सीतेच्या आसवांची नोंद झाली १८३९ साली, जॉन ग्रॅहम यांनी केलेल्या मुंबई परिसरातल्या वनस्पतींच्या यादीत. ग्रॅहम मुंबईच्या टपाल खात्यात अधिकारी होते. यादी पुरी व्हायच्या आतच, त्याच वर्षी, ते खंडाळ्याला वारले आणि उरलेलं काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेलं. टपालाचं काम सांभाळून घाटमाथ्यावरच्या एवढ्याशा फुलाची दखल घेणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे भारतातल्या या साऱ्या वंशाचा कसून अभ्यास जनार्दनम आणि हेन्री या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केला. त्यांचं पुस्तक १९९२ साली आलं.

बुधली हे नाव पडलं ते जमिनीखालच्या कारभारामुळे. या झाडाला खरी मुळं नाहीतच. ओल्या मातीत केसासारखे धागे पसरतात आणि त्यांना जेमतेम मिलिमीटरभर मापाच्या पिशव्या लटकतात. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर काढत राहते, त्यामुळे तिची कूस आत ओढली जाते आणि तोंडाचं झाकण घट्ट बसतं. एखादा सूक्ष्म जीव तोंडाशी घुटमळला, झाकणाला धक्का लागला की ते आत उघडतं, पाण्यासकट जीव ओढला जातो आणि झाकण पुन्हा बंद. पुढे पिशवीतच त्याचं पचन.

हे कळायला वेळ लागला. कीटकभक्षी वनस्पतींवरच्या १८७५च्या पुस्तकात डार्विनने लिहिलं की प्राणी डोक्याने पाचर मारल्यासारखे झाकण ढकलून आत शिरतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या अभ्यासक मेरी ट्रीट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. जीव प्रत्यक्ष आत जाताना पाहण्यात इतर कुणाहीपेक्षा त्यांना जास्त यश आलं, हे डार्विनने स्वतः मान्य केलं आहे. झाकण उघडून पाणी ओढून घेण्याचं काम सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं, हे अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्यालाही फार वर्षं झालेली नाहीत. तो शोध पाण्यात तरंगणाऱ्या भाईबंदांवर लागला. आपल्या पठारावर हाच खेळ मातीतल्या ओलीत, पायाखाली चालतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मातीत काही नाही म्हणून. खाली कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हाचा खडक. त्यावर युगानुयुगं पाऊस पडून विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं उरलं. तोच जांभा. वर माती कुठे वीतभर, कुठे बोटभर, आणि नत्राची कायमची वानवा. पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापतो. मोठं झाड इथे तगत नाही, आणि त्याची सावली नाही म्हणूनच या चिमुकल्यांना ऊन मिळतं.

अशा जागी वर्ष काढायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. वायतुरा जमिनीत कंद ठेवून जातो. टोपली कारवी वर्षानुवर्षं थांबून मग फुलते. सीतेच्या आसवांकडे कंद नाही, खोड नाही. पहिल्या पावसात रुजायचं, श्रावण-भाद्रपदात फुलायचं आणि पाणी ओसरायच्या आत धुळीएवढं बी टाकून मोकळं व्हायचं. उरलेले सात-आठ महिने अख्खी पिढी त्या कोरड्या मातीत, बियांत असते.

सीतेच्या आसवांना दुर्मीळ म्हणतात. कासला ती लाखोंनी दिसतात, मग दुर्मीळ कशी, असं कुणी विचारतं. हे फूल भारताबाहेर कुठेही नाही आणि इथेही त्याला अशीच पठारं लागतात. शिवाय ती पठारं सातबाऱ्यावर असतात ती पोटखराब म्हणून. लागवडीला निरुपयोगी, म्हणजे कशालाही मोकळी! चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, कोल्हापूरकडे बॉक्साइटच्या खाणी, कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, चिऱ्याच्या खाणी, आणि कातळ फोडून बाहेरची माती भरून कलमांच्या बागा. बागायतदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पोट आहे. पण आपण ज्याला जमीन सुधारणं म्हणतो, त्याने हे फूल मरतं. खत आलं, माती जाड झाली की गवत माजतं आणि बोटभर उंचीची ही मंडळी त्याखाली गुदमरतात.

पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात महाराष्ट्रातलं कास आहे. त्यानंतर गर्दीचं नियोजन, तिकिटं, कुंपण हे सगळं झालं. कुंपणामुळे गुरांची चराई थांबली आणि गवत वाढलं, असं गावकरी सांगू लागले, आणि पुढे ते कुंपण काढलं. पिढ्यान्‌पिढ्या या पठारावर गुरं चारणाऱ्यांचं म्हणणं आधी विचारायला हवं होतं, असं मला वाटतं.

मार्चमध्ये त्याच वाटेने गेलात तर करपलेलं गवत आणि उघडा, काळपट-तांबडा कातळ दिसेल. खोलगट जागी साचलेली भुरभुरीत माती बोटांना लागली तर हात तिथेच झटका. त्यात पुढच्या पावसाचं बी असतं.