नाममात्र प्रतिफलातील हस्तांतरण (आइस हॉकी)

व्यावसायिक आइस हॉकीत, विशेषतः अमेरिका व कॅनडा या देशांत मिळून खेळल्या जाणाऱ्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल), एखादा संघ आपला करारबद्ध खेळाडू दुसऱ्या संघाला जवळजवळ फुकट देऊन टाकतो, त्या व्यवहारासाठी ही संज्ञा येथे योजली आहे. मराठीत नुसते ‘हॉकी’ म्हटले की मैदानी हॉकी समजली जाते. प्रस्तुत नोंद बर्फावरील हॉकीपुरती आहे. अशा व्यवहारात देणाऱ्या संघाच्या पदरी पडतो तो खालच्या फेरीतील एखादा निवडहक्क (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आपल्या पाळीला खेळाडू निवडण्याचा हक्क), दुय्यम लीगमधील एखादा अपरिचित खेळाडू किंवा कागदावरचा ‘भावी प्रतिफल’ हा शब्द. दिला जाणारा खेळाडू अर्थातच उतरणीला लागलेला असणार, हा समज रूढ असला तरी त्याला फारसा आधार नाही. वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला खेळाडू त्याच उन्हाळ्यात असा दिला गेल्याचे उदाहरण आहे (पुढे पाहा). या व्यवहारातील किंमत खेळाडूच्या गुणवत्तेची नसते. त्याच्या कराराचे ओझे किती आणि ते उचलण्याची ऐपत त्या घडीला कोणाकडे आहे, यावर ती ठरते.

‘भावी प्रतिफल’ म्हणजे मूळचे ‘फ्यूचर कन्सिडरेशन्स’. येथील ‘कन्सिडरेशन’ हा शब्द करारविषयक कायद्यातला असून त्याला मराठी विधिभाषेत ‘प्रतिफल’ किंवा ‘मोबदला’ म्हणतात. इंग्लिश परंपरेतील कायद्यानुसार प्रतिफलावाचून केलेला करार सामान्यतः बंधनकारक होत नाही. मात्र प्रतिफल पुरेसे असलेच पाहिजे, अशी अट नसते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या २५ व्या कलमातही हीच भूमिका आहे, आणि सरकारी जमीन वार्षिक एक रुपया नाममात्र भाड्याने दिल्याची जी उदाहरणे आपल्याकडे सर्वपरिचित आहेत, त्यांच्यामागेही हाच विचार असतो. हॉकीतील या शब्दप्रयोगाचा उगम थेट विधिभाषेतून झाला की बेसबॉलसारख्या जुन्या व्यावसायिक खेळांच्या नोंदवह्यांतून तो इकडे आला, हे निश्चित सांगणे अवघड आहे. दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते, कारण खेळाडूंच्या अदलाबदलीची बहुतेक परिभाषा बेसबॉलमध्ये आधी घडलेली दिसते.

या शब्दाचा अर्थ कालौघात बदलत गेला. आरंभी त्यात खरेखुरे वचन असे: आज खेळाडू घ्या, बदल्यात काय द्यायचे ते पुढे ठरवू. डॉमिनिक हाशेक या चेक गोलरक्षकाला शिकागोच्या संघाने ऑगस्ट १९९२ मध्ये बफेलोच्या संघाला दिले, तेव्हा बदल्यात स्टेफान बोरेगार हा गोलरक्षक व भावी प्रतिफल मिळाले. काही नोंदींत भावी प्रतिफलाच्या जागी थेट चौथ्या फेरीतील निवडहक्काचा उल्लेख सापडतो. परंतु हा विरोध वरवरचा आहे, कारण ते वचन पुढे निवडहक्काच्याच रूपाने फेडले गेले आणि शिकागोने १९९३ मध्ये त्यावर एरिक दाझे याला निवडले. अलीकडच्या व्यवहारांत मात्र या शब्दामागे बहुतेकदा काहीच नसते. व्यवहाराच्या कागदावर दुसरी बाजू कोरी राहू नये, एवढ्यासाठीच तो लिहिला जातो.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध, आणि तपशिलाबाबत थोडे संदिग्ध राहिलेले उदाहरण क्रिस ड्रेपर याचे आहे. टोरांटोत जन्मलेल्या या खेळाडूला विनिपेग जेट्सने १९८९ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडले होते. परंतु त्यानंतरच्या हंगामांत त्याला जेट्सकडून एनएचएलचे अवघे वीस सामने खेळायला मिळाले. ३० जून १९९३ रोजी त्याला डेट्रॉइट रेड विंग्जकडे देण्यात आले. हे हस्तांतरण एका डॉलरच्या बदल्यात झाले, असे सर्वत्र सांगितले जाते, आणि ‘एक डॉलरचा माणूस’ ही ड्रेपरची ओळख त्यातूनच रूढ झाली. काही नोंदसंग्रहांत मात्र याच व्यवहारापुढे ‘भावी प्रतिफल’ एवढेच लिहिलेले आढळते. यांपैकी एक नोंद खरी व दुसरी खोटी मानण्याचे कारण नाही. वर सांगितल्याप्रमाणे दोन्हींचे कार्य एकच आहे. नाममात्र रक्कम काय किंवा न फेडायचे वचन काय, दोन्ही प्रतिफलाची रिकामी जागा भरतात. पुढे ड्रेपर डेट्रॉइटकडून ११३७ सामने खेळला, १९९७, १९९८, २००२ व २००८ असे चार वेळा त्याने संघासह एनएचएलच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली करंडक जिंकला आणि बचावात निपुण असलेल्या आघाडीच्या खेळाडूला मिळणारा सेल्की पुरस्कार त्याला २००४ मध्ये मिळाला. एका डॉलरमध्ये एवढे काम क्वचितच कोणी केले असेल.

ड्रेपरचा काळ मुक्त खर्चाचा होता. त्याआधीही खेळाडूंच्या बदल्यात रोख रक्कम देणे शिष्टसंमत होते: १९३० मध्ये टोरांटोने किंग क्लॅन्सीसाठी ओटावाला ३५,००० डॉलर व दोन खेळाडू दिले, आणि ऑगस्ट १९८८ मध्ये वेन ग्रेट्स्की एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला त्या व्यवहारात दीड कोटी डॉलर रोख होते. रोख रकमेचा मार्ग खुला असताना नको असलेला खेळाडू फुकट देण्याची वेळ सहसा येत नसे. आलीच तर ती ड्रेपरसारख्या, संघात जागा न मिळालेल्या तरुणावर येई. मोठ्या नावाच्या, मोठ्या पगाराच्या खेळाडूला फुकट देणे ही त्यानंतरची घटना असून तिचे मूळ २००५ च्या कामगार करारात आहे.

मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीमुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. त्यानंतर झालेल्या करारात प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर कडक कमाल मर्यादा आली. पहिल्या हंगामात ती ३.९ कोटी डॉलर होती आणि तिच्याबरोबर २.१५ कोटींची किमान मर्यादाही घालण्यात आली. आयपीएलच्या लिलावातही संघांच्या खर्चाला मर्यादा असल्याने मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही; परंतु एनएचएलचे करार सात-आठ वर्षांचे असू शकतात आणि त्यांतील रक्कम हमीची असते, त्यामुळे आजची चूक संघाला अनेक वर्षे भोवते. मर्यादेत धरला जाणारा आकडा हा प्रत्यक्ष त्या वर्षीचा पगार नसून संपूर्ण कराराची वार्षिक सरासरी असते. हा बारकावा महत्त्वाचा आहे. कराराच्या अखेरच्या वर्षी खेळाडूला द्यायचे पैसे थोडे आणि मर्यादेत धरायचा आकडा मोठा, अशी स्थिती त्यातून निर्माण होते. मग मर्यादेला टेकलेल्या श्रीमंत संघाला तो करार जड जातो. उलट ज्याच्या मर्यादेत भरपूर जागा आहे पण तिजोरी बेताची आहे, अशा संघाला तोच करार हवाहवासा वाटतो, कारण थोड्या खर्चात किमान मर्यादा गाठता येते.

जड करारापासून सुटण्याचे अन्य मार्गही आहेत. खेळाडूला ‘वेव्हर्स’वर, म्हणजे कोणत्याही संघाला फुकट उचलता येईल अशा यादीत, टाकून कोणी उचलतो का, हे पाहता येते; न उचलल्यास दुय्यम लीगमध्ये पाठवता येते, पण त्याने आकड्याचा थोडाच भाग सुटतो. ‘बायआउट’ केल्यास, म्हणजे पैसे देऊन करार मोडल्यास, उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश (खेळाडू सव्वीस वर्षांखालील असल्यास एक-तृतीयांश) उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात फेडावे लागतात. २०१३ पासून देणाऱ्या संघाला पगाराचा निम्म्यापर्यंतचा वाटा स्वतःकडे ठेवून खेळाडू देता येतो. मात्र असे तीनच करार एका वेळी ठेवता येतात. वेव्हर्सवर कोणी उचलले नाही, तर हे सर्व मार्ग मर्यादेत काही ना काही मागे ठेवतात. फुकट देणे हा एकच मार्ग पाटी कोरी करतो, आणि म्हणूनच संघ त्यासाठी वर पैसे मोजावेत तसा निवडहक्कही मोजायला तयार होतात. रोजच्या बोलीत अशा व्यवहाराला ‘कॅप डम्प’ आणि सोबत दिलेल्या आमिषाला ‘स्वीटनर’ म्हणतात.

पॅट्रिक मार्लो याचा व्यवहार या दृष्टीने जवळून पाहण्याजोगा आहे. टोरांटोने जुलै २०१७ मध्ये त्याच्याशी तीन वर्षांचा, वार्षिक सरासरी ६२.५ लाख डॉलरचा करार केला, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. वयाच्या पस्तिशीनंतर केलेल्या अशा कराराला निराळा नियम लागू असे: खेळाडू निवृत्त झाला किंवा त्याचा बायआउट झाला तरी पूर्ण आकडा मर्यादेत धरला जाई. त्यामुळे टोरांटोने स्वतः बायआउट करून काहीच साधले नसते. २२ जून २०१९ रोजी त्यांनी मार्लोला कॅरोलायनाकडे दिले. त्याच्यासोबत २०२० च्या पहिल्या फेरीतील सशर्त निवडहक्क व सातव्या फेरीतील एक निवडहक्क दिला आणि बदल्यात सहाव्या फेरीतील निवडहक्क घेतला. कॅरोलायनाने मार्लोचा बायआउट केला, पूर्ण आकडा आपल्या मर्यादेत सोसला आणि पहिल्या फेरीतील त्या हक्कावर तेराव्या क्रमांकाने सेथ जार्विस याला निवडले, जो पुढे त्यांच्या आघाडीतील प्रमुख खेळाडू झाला. मार्लो आपल्या जुन्या सॅन होजे संघाकडे परतला.

पस्तिशीनंतरच्या करारांच्या याच नियमामुळे प्रत्यक्षात न खेळणाऱ्यांचे करारही फिरू लागले. डेट्रॉइटचा पावेल दात्स्युक २०१६ मध्ये रशियाला परतला, तरी त्याचा ७५ लाखांचा आकडा डेट्रॉइटच्या माथी राहिला असता. जून २०१६ च्या निवडसमारंभातच तो करार ॲरिझोनाला देण्यात आला आणि त्यासाठी डेट्रॉइट निवडीच्या क्रमात सोळाव्या क्रमांकावरून विसाव्यावर उतरले. क्रिस प्राँगर २०११ नंतर दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. तरीही नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचा हॉकीच्या कीर्तिमंदिरात समावेश झाला, तेव्हा कागदोपत्री तो ॲरिझोनाचा करारबद्ध खेळाडू होता.

कोविडच्या साथीमुळे उत्पन्न घटल्यावर मर्यादा २०१९-२० पासून तीन हंगाम ८.१५ कोटींवर थिजली, आणि वाढत्या मर्यादेच्या भरवशावर केलेले करार एकदम अंगावर आले. वर उल्लेखिलेला गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लोरी याच काळातील. २९ जून २०२१ रोजी त्याला सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना पुरस्कार मिळाला आणि २७ जुलैला वेगासने त्याला शिकागोकडे दिले. बदल्यात आलेला मिकाएल हाकाराइनेन वेगासकडून कधीच खेळला नाही. वेगासला हवे होते ते फ्लोरीच्या ७० लाखांएवढे रिकामे स्थान. पुढच्या उन्हाळ्यात, १३ जुलै २०२२ रोजी, त्याच संघाने मॅक्स पाचियोरेटी व डिलन कॉगलन यांना भावी प्रतिफलावर कॅरोलायनाला दिले. पाचियोरेटीचा आकडाही ७० लाखांचाच होता. पुढच्याच महिन्यात सरावात त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला, आणि कॅरोलायनाला त्याचे पाच सामने तेवढे लाभले. वेगासने जून २०२३ मध्ये स्टॅनली करंडक जिंकला. वेगासच्या या पद्धतीला निर्दयी म्हणणारे पुष्कळ आहेत. केवळ हिशोबाच्या अंगाने पाहता मात्र ती चुकीची ठरवणे कठीण आहे.

घेणाऱ्याच्या बाजूने सर्वांत लाभदायक ठरलेला व्यवहार बहुधा शॉन मोनाहन याचा असावा. नझेम कादरीशी करार करण्यासाठी कॅल्गरीला जागा हवी होती, म्हणून १८ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांनी नितंबाच्या शस्त्रक्रियांनी जेरीस आलेल्या मोनाहनला पहिल्या फेरीतील सशर्त निवडहक्कासह माँट्रियलकडे पाठवले आणि स्वतः भावी प्रतिफल घेतले. मोनाहन बरा होऊन खेळू लागला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विनिपेगने त्याच्यासाठी माँट्रियलला पहिल्या फेरीतील निवडहक्क दिला. एकाच खेळाडूला घेताना व देताना, असे दोन्ही वेळा माँट्रियलला पहिल्या फेरीचे हक्क मिळाले.

खेळाडूची संमती या व्यवहारात एरवी विचारली जात नाही. कारकिर्दीच्या ठरावीक टप्प्यानंतरच त्याला हस्तांतरणबंदीचे कलम मागता येते, आणि तेही बहुधा नको असलेल्या काही संघांच्या यादीपुरते मर्यादित असते. येव्गेनी दादोनोव याला वेगासने मार्च २०२२ मध्ये निवडहक्काच्या आमिषासह अनाहाइमकडे दिले. परंतु अनाहाइम त्याच्या यादीत होते. ती यादी त्याने आधीच्या ओटावा संघात असताना दिली होती आणि वेगासने ती ग्राह्य धरली नव्हती. लीगने २३ मार्चला हा व्यवहार रद्द केला, दादोनोव वेगासकडूनच परत खेळू लागला आणि त्या वर्षी वेगास बाद फेरीत पोहोचले नाही. जूनमध्ये तो माँट्रियलकडे गेला. बदल्यात, खेळणे थांबवलेल्या शे वेबरचा करार वेगासने स्वीकारला.

युरोपातील लीगमध्ये खेळाडू प्रायः मुदत संपल्यावर किंवा उसनवारीने संघ बदलतात, तर रशियाच्या कॉन्टिनेन्टल हॉकी लीगमध्ये (केएचएल) रोख भरपाईची प्रथा आहे. त्यामुळे हा प्रकार तेथे फारसा दिसत नाही. एनएचएलमध्ये कमाल मर्यादा २०२४-२५ मध्ये ८.८ कोटी झाली, २०२५-२६ साठी ती ९.५५ कोटी ठरली आणि २०२६-२७ साठी १०.४ कोटींचा आकडा जाहीर करण्यात आला.