सपाट हेडफोन, उंचसखल कान

पुण्यामुंबईच्या फ्लॅटमधली मुलांची खोली बहुधा दहा बाय दहाची असते आणि छत साडेनऊ फुटांवर. एका भिंतीला कपाट, दुसरीला टेबल, टेबलावर लॅपटॉप. हल्ली बऱ्याच घरांत त्या लॅपटॉपशेजारी एक छोटा ऑडिओ इंटरफेस (मायकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) आणि स्टँडवर मायकही दिसतो. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करून मिक्स करणं, म्हणजे गायक आणि वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक समतोल करून एकत्र आणणं, आता खरोखरच सोपं झालंय. रीपर हे सॉफ्टवेअर साठ दिवस पैसे न भरता पूर्ण वापरता येतं, मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट असतं. २०२० साली 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळवलेला बिली आयलिशचा अल्बम बहुतांशी तिच्या भावाच्या बेडरूममध्ये तयार झाला होता.

अडचण खोलीच्या मापात आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एखाद्या स्वराची बरोबर अर्धी तरंगलांबी बसली, की तो स्वर त्या खोलीत नुसता घुमत राहतो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्याची दुप्पट ६.१, आणि ३४३ भागिले ६.१ म्हणजे ५६ हर्ट्झ. रुंदीही दहाच फूट, म्हणून तिकडूनही ५६. छताचा हिशेब केला तर ५९. तीन जोड्या भिंतींच्या आणि तिन्ही जवळपास एकाच खर्जाला घुमणाऱ्या! या खोलीत भिंतीला टेकून बसलं तर बेस गिटार दणदणीत ऐकू येतं आणि खोलीच्या मधोमध खुर्ची ओढली तर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. मधोमध बसलेला माणूस बेस वाढवतो, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत ते गाणं लावलं की दारं थरथरतात. भिंतीवर चिकटवायच्या त्या खाचाखाचांच्या फोमचा इथे काही उपयोग नाही. सहा मीटर लांबीच्या लहरीपुढे दोन इंची फोम म्हणजे नसल्यातच जमा. तो फोटोत छान दिसतो, एवढंच.

हेडफोन लावला की ही खोली एका झटक्यात बाद होते, शिवाय रात्री अकरानंतर शेजाऱ्यांचं दार वाजत नाही. म्हणून शिकणाऱ्याने पहिला मोठा खर्च हेडफोनवर करावा, असं मी तरी सांगेन, स्पीकर नंतर. पण कोणता हेडफोन, असं विचारलं की दुकानदारापासून यूट्यूबरपर्यंत सगळे एकच उत्तर देतात: ऐकायला कोणताही चालेल, मिक्सिंगला मात्र 'फ्लॅट' घ्या, म्हणजे खर्जापासून तारापर्यंत सगळं सारख्याच जोराने वाजवणारा, सपाट. या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घ्यायला आधी कानाकडे बघावं लागतं.

कान मुळात सपाट नाही. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची, एका बाजूने बंद. बासरीच्या नळीला जसा स्वतःचा सूर असतो तसा हिलाही असतो, आणि तो तीन हजार हर्ट्झच्या आसपास येतो. त्यात कानाच्या पाळीच्या वळ्या, डोकं आणि खांदे यांचे परावर्तित आवाज मिसळतात. परिणामी समोरून आलेला आवाज पडद्यापर्यंत पोचेस्तोवर या पट्ट्यात दहा-पंधरा डेसिबलनी उचलला गेलेला असतो. हा डोंगर आपल्याला ऐकू येत नाही, कारण जन्मापासून सगळं जग त्याच्यासकटच ऐकलेलं असतं. हेडफोन पाळीवरून थेट नळीत आवाज सोडतो आणि हा नैसर्गिक उठाव बराचसा चुकवतो. म्हणून तो उठाव कंपनीला हेडफोनमध्येच भरावा लागतो. पडद्यापाशी मोजल्यावर खरोखर सपाट रेघ देणारा हेडफोन कोणी बनवलाच, तर गायिका गोधडीत तोंड घालून गातेय असं वाटेल.

मग हा भराव नेमका किती आणि कसा घालायचा? यावर कित्येक दशकं वाद चालला. एका पक्षाचं म्हणणं, निनादरहित खोलीत समोर ठेवलेल्या स्पीकरसारखा. दुसऱ्या पक्षाचं, सगळ्या बाजूंनी सारखा आवाज येणाऱ्या खोलीसारखा. २०१२च्या सुमारास हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी वाद बाजूला ठेवून सरळ लोकांनाच विचारायला सुरुवात केली. नाव, दिसणं, किंमत काहीच कळू न देता वेगवेगळ्या प्रकारचे आवाज ऐकवले. बहुसंख्यांना आवडला तो चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज, खर्ज थोडा भरीव. पुढे अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीनमध्ये हेच करून पाहिलं, तेव्हा आवडी फारशा बदलल्या नाहीत. सराव असलेले आणि नसलेले कानही ढोबळमानाने एकाच बाजूला झुकले.

याचा अर्थ सरळ आहे. 'ऐकण्याचा' आणि 'मिक्सिंगचा' अशा हेडफोनच्या दोन जाती नाहीत. ज्याचा आवाज समतोल आहे तो दोन्हीला चालतो. बेस अवाच्या सवा फुगवलेला हेडफोन मिक्सिंगला वाईट, आणि तासभर ऐकायलाही थकवणाराच. किमतीचं तर विचारूच नका. येरून ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मापं किमतींशी ताडून पाहिली, तेव्हा आवाजाच्या समतोलाचा आणि किमतीचा संबंध दिसला नाही. जास्तीचे पैसे गादी, तार, टिकाऊपणा आणि नाव यांत जातात. त्यातली पहिली तीन कामाची आहेत, हेही खरं.

खरा फरक आहे तो बंद आणि उघड्या हेडफोनचा. गाताना बंद हवा. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ आणला आणि मागून जाळी असलेले उघडे हेडफोन लोकप्रिय झाले; त्यांत आवाज मोकळा वाटतो आणि कान घामेजत नाहीत, पण आतलं सगळं बाहेरही ऐकू येतं. पेटीवर बसून गाणाऱ्याच्या कानात मेट्रोनोम चालू असेल तर आलापाच्या शेवटच्या विरत्या सुरात ती टिकटिक मायकमध्ये स्वच्छ उतरते, आणि नंतर काही केल्या निघत नाही. एकच घेणं परवडत असेल तर बंदच घ्या. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१पासून जवळपास तसाच विकला जातोय आणि जगभरच्या स्टुडिओंत लटकलेला दिसतो. त्याचा तारसप्तक जरा टोचरा आहे, पण ती खोड एकदा कळली की तिचा हिशेब ठेवता येतो.

बंद हेडफोनच्या बाबतीत चष्मेवाल्यांनी एक प्रयोग जरूर करावा. बेसचा एक लांब सूर चालू ठेवा आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच डोक्यावर दाबा. बेस एकदम वाढला तर समजा, चष्म्याची दांडी गादी आणि कातडी यांच्यात फट पाडतेय. त्या एवढ्याशा फटीतून आधी खर्जच निसटतो; वरचे सूर जागच्या जागी राहतात. म्हणजे एकाच हेडफोनवर दोघं मिक्स करणार आणि चष्मेवाल्याच्या मिक्समध्ये बेस जास्त निघणार! बारीक दांडीची फ्रेम किंवा मऊ गादी हा उपाय आहे. इक्वलायझर (खर्ज किंवा वरचे सूर कमीजास्त करायचं साधन) नव्हे, कारण डोकं हललं की फट बदलते.

ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाचा, बाऊ फार केला जातो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, आणि २५० वाला म्हणजे 'प्रोफेशनल' असा समज आहे. जास्त ओहमच्या हेडफोनला तेवढ्याच आवाजासाठी जास्त व्होल्टेज लागतं, एवढाच त्याचा अर्थ. मोबाइलला किंवा साध्या लॅपटॉपला लावायचा असेल तर तो पुटपुटल्यासारखा वाजतो. इंटरफेसला लावला तर बहुधा ठीक. ब्लूटूथ मात्र रेकॉर्डिंगला पूर्ण बाद. त्यात आवाज दोनशे मिलिसेकंदांपर्यंत, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे समेवर आलेला तबला गाणाऱ्याच्या कानात जवळपास पुढच्या मात्रेला पोचणार.

आता हेडफोनचा तो दोष, जो कितीही पैसे टाकले तरी जात नाही. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही मिळतो, फक्त मिलिसेकंदाच्या एका अंशाने उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा बोथट होऊन. याच फरकांवरून मेंदू आवाजाची दिशा ठरवतो. हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानाला. म्हणून गायक समोर उभा न राहता कवटीच्या मधोमध येऊन बसतो, आणि डावी-उजवीकडची वाद्यं कानांना चिकटतात. १९६१ साली बेंजामिन बाउअरने डावा आवाज थोडासा उजवीकडे मिसळणारी युक्ती मांडली. आज ती 'क्रॉसफीड' नावाच्या प्लगइनमध्ये मिळते. मदत होते, पण स्पीकरची सर येत नाही, कारण प्रत्येकाच्या पाळीची घडण वेगळी. मिक्समध्ये याचे परिणाम ठरलेले आहेत. हेडफोनवर गायकाचा शब्द न् शब्द कळतो, म्हणून त्याचा ट्रॅक कमी ठेवला जातो आणि हॉलमधल्या स्पीकरवर तो वाद्यांत बुडतो. रिव्हर्बची, म्हणजे वरून दिलेल्या घुमाऱ्याची, शेवटची शेपटीही ऐकू येते, म्हणून तो हात आखडून दिला जातो आणि बाहेर गाणं कोरडं वाटतं. हे माहीत असलं की गायकाचा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा थोडा वरच ठेवायची सवय लावून घेता येते.

आवाज किती मोठा ठेवायचा, हाही ध्वनिशास्त्राचाच प्रश्न आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं, की आवाज लहान केला की आपला कान खर्ज सगळ्यात आधी गमावतो. घरचे झोपलेत म्हणून अगदी हळू आवाजात केलेल्या मिक्समध्ये सकाळी बेस जास्त निघतो, तो यामुळेच. आवाजाच्या बटणावर एक खूण करून रोज तिथेच काम करणं बरं, आणि ती खूण बेताचीच असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास ठीक. पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला उरतात पाचच तास, आणि मिक्सिंगवाले ते एका रविवारी संपवतात.

नव्या हेडफोनला 'बर्न-इन' करायला, म्हणजे रुळवायला, शंभर तास वाजवत ठेवा, असं सांगणारे भेटतील. त्या तासांत हेडफोनपेक्षा कानच जास्त बदलतात. मेंदू नव्या आवाजाला सरावतो. तो सराव मुद्दाम करायचा असेल तर ओळखीचं, चांगलं मिक्स केलेलं गाणं आपल्या प्रोजेक्टमध्येच एका ट्रॅकवर घ्या आणि त्याचा आवाज आपल्या मिक्सएवढा कमी करा. हे कमी करणं विसरू नका, कारण दोन आवाजांत थोडा मोठा असलेला नेहमी 'चांगला' वाटतो आणि सगळी तुलना फसते. मग दर दहा मिनिटांनी त्या गाण्यावर उडी मारून या. हा उद्योग कंटाळवाणा आहे, पण नवा हेडफोन विकत घेण्यापेक्षा यानेच मिक्स लवकर सुधारतं.

शेवटची तपासणी मोबाइलच्या स्पीकरवर, कारण बहुतेक श्रोते तिथेच ऐकणार. इथे एक गंमत आहे. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, म्हणून तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ला. मोबाइलच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही. तरी खर्ज ऐकू येतो! जवारीमुळे (घोडीला तार घासत वाजल्यामुळे) त्या तारेतून १३९, २०८, २७७, ३४६ असे मूळ सुराच्या पटीतले वरचे स्वरांश भरपूर निघतात. तंबोऱ्याच्या या जवारीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिलं होतं. मेंदू त्या स्वरांशांमधलं ६९चं सारखं अंतर ओळखतो आणि गैरहजर असलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो.

डग्ग्याच्या नशिबी हे नाही. त्याच्या घुमाऱ्याची बहुतेक ताकद मूळ कंपनातच असते, वरचे स्वरांश मोजके. हेडफोनवर 'घे' अगदी पोटात घुमतो, आणि मोबाइलवर लाकडावर बोट आपटल्यासारखा 'टप्' उरतो. तिथे इक्वलायझरने खर्ज वाढवून काहीच होत नाही. जे स्पीकरमधून निघतच नाही ते वाढवून काय करणार? डग्ग्याच्या ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम किंचित बिघडवणं) द्यायचं, म्हणजे दीडशे ते चारशे हर्ट्झच्या पट्ट्यात नवे स्वरांश तयार होतात. मोबाइलवर 'घे' ओळखू यायला लागला की थांबायचं. हेडफोनवर तोच डग्गा तेव्हा किंचित खरखरीत वाटेल. तो तसाच राहू द्यायचा.