एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद करते ती हवा

मोठ्या मालवाहू जहाजाचं मुख्य इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असतं, म्हणजे दर फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन जळतं. आजच्या अशा इंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर, अगदी मधोमध, एकच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप असते. वार्टसिला-सुल्झरच्या आरटीए96सी इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 960 मिलिमीटर आणि वेग मिनिटाला शंभरेक फेरे. म्हणजे तो अवजड व्हॉल्व्ह मिनिटाला शंभर वेळा उघडायचा आणि शंभर वेळा बंद करायचा.

उघडण्याचं काम तेलाचं. दाबाखालचं तेल वरून स्पिंडलला, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याला, खाली ढकलतं. बंद कोण करतं? पूर्वी पोलादी स्प्रिंगा करायच्या. पण सततच्या ताणाने त्या थकून तुटायच्या. आता तिथे ‘एअर स्प्रिंग’ असते. स्पिंडलवर एक पिस्टन बसवलेला असतो आणि त्याच्या खाली साधारण 7 बार दाबाची हवा असते (1 बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब). व्हॉल्व्ह उघडला की ही हवा आणखी दाबली जाते. हवेच्या वाटेवर एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्याने तिला मागे पळता येत नाही. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलावा, तसंच. तेलाचा दाब सुटला की हवा पिस्टनला वर रेटते.

इतक्या कमी दाबावर भागतं कसं? कारण व्हॉल्व्ह सिलिंडरच्या आत उघडतो. हवेने त्याला फक्त सीटपर्यंत, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो त्या कडेपर्यंत, पोहोचवायचं. पुढे सिलिंडरमधला दाबच त्याला सीटवर आवळून धरतो. व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाची तबकडी अर्धा मीटर व्यासाची आणि ज्वलनाचा दाब 150 बार धरला, तर हा रेटा तीनशे टनांच्या आसपास जातो! कुठलीही स्प्रिंग इतकं काय करणार?

मात्र सीटवर आदळून चालत नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात तेलाची परतवाट अरुंद होते आणि वेग मंदावतो. स्पिंडलवर छोटी पातीही असतात. बाहेर धावणारा वायू त्यांवर आपटला की व्हॉल्व्ह थोडा फिरतो. त्यामुळे तबकडी सगळीकडून सारखी तापते आणि सीटवर काजळी साचत नाही. मला तरी या रचनेतली ही सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते.

इंजिन सुरू करताना क्रम मात्र पाळावाच लागतो: आधी हवा, मग तेलाचा पंप. थांबवताना उलट. खाली हवा नसताना तेल सोडलं, तर व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त खाली उतरतो.